आधी कूलर बंद करा

घरातल्या एका खोलीत माइक, कॉम्प्युटर आणि छोटा ऑडिओ इंटरफेस मांडून रेकॉर्डिंग करणारी मंडळी आता जालना शहरातच नव्हे, तर अंबड, परतूर, भोकरदनकडेही भेटतात. कुणी कीर्तनं रेकॉर्ड करतं, कुणी भीमगीतं, कुणी लग्नातली गाणी, कुणी पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची. या सगळ्यांना सुरुवातीलाच एक सल्ला मिळतो. दुकानदार देतो, व्हिडिओतले गुरुजी देतात, पुण्याला जाऊन कोर्स करून आलेला दोस्तही देतो: “आवाज पातळ येतोय ना? कॉम्प्रेसर घे. आणि सॉफ्टवेअरमधला नको, खरा घे, रॅकमधला.”

हा सल्ला मला मान्य नाही. पैसे वाया जातात एवढीच तक्रार असती तर लिहायला बसलो नसतो. पैसे ज्याचे त्याचे. तक्रार अशी आहे की ज्या खोलीसाठी हा सल्ला दिला जातो, त्या खोलीत कॉम्प्रेसर आवाज सुधारण्याऐवजी बिघडवतो. आणि का बिघडवतो, हे सल्ला देणाऱ्यांपैकी कुणी सांगत नाही.

थोडा हिशेब करू. मोठा आवाज दाबणं एवढंच त्या यंत्राचं काम. समजा थ्रेशोल्ड, म्हणजे दाबायला सुरुवात होते ती पातळी, उणे २४ डेसिबलवर ठेवला, रेशो, म्हणजे दाबण्याचं प्रमाण, चारास एक ठेवला, आणि गायकाचा सर्वांत चढा सूर उणे ४ पर्यंत गेला. म्हणजे तो थ्रेशोल्डच्या २० डेसिबल वर चढला. चारास एकच्या हिशेबाने त्यातले ५ उरतात, १५ दाबले जातात. आता एकंदर गाणं लहान ऐकू येतं, म्हणून ‘मेकअप गेन’चं बटण फिरवून तेवढेच १५ डेसिबल सगळ्यालाच परत द्यायचे. चढा सूर होता तिथे आला, हळू म्हटलेले शब्द वर आले, गाणं भरीव झालं. इथपर्यंत सगळं जाहिरातीत दाखवतात तसंच. पण गायक श्वास घ्यायला थांबला की यंत्र दाबायचं थांबतं. वाढवून दिलेले १५ डेसिबल मात्र तसेच राहतात. त्या क्षणी माइकला काय ऐकू येतं? कूलर. तो आधी उणे ५५ वर कुठेतरी पडून होता, कुणाच्या लक्षातही आला नसता. आता तो उणे ४० वर येऊन बसतो. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, हे धरलं तर कूलर दुपटीपेक्षाही मोठा झाला. बरं, तो सलगही राहत नाही. गायक गाऊ लागला की दबतो, थांबला की उसळतो. ऐकणाऱ्याला दोष नेमका सांगता येत नाही, पण गाणं धाप लागल्यासारखं वाटतं.

“टेक घेताना आम्ही कूलर बंद करतो,” असं सगळेच सांगतात. करतही असतील. पण जालन्यातली खोली म्हणजे फक्त आपला कूलर नव्हे. शेजाऱ्याचा कूलर खिडकीतून येतो. गच्चीवर पत्र्याची खोली असेल तर ऊन उतरताना पत्रा कडकड वाजतो. नळाला पाणी येतं त्या दिवशी गल्लीभर मोटारी सुरू होतात, आणि आपल्याकडे पाण्याचा दिवस चुकवून रेकॉर्डिंग ठेवता येईल इतका त्याचा भरवसा नाही. लाइट गेली की स्वस्त इन्व्हर्टरची घरघर स्पीकरमधून ऐकू येते. खाली गुळगुळीत फरशी, चारी बाजूंना कोऱ्या भिंती, त्यामुळे आवाजाचा घुमारा वेगळाच. हे सगळं कॉम्प्रेसर इमानेइतबारे वर आणून देतो. गायकाचा आवाज कोणता आणि मोटारीचा कोणता, हे त्याला कळत नाही. मोठा आणि लहान एवढंच कळतं. खोलीकडे न बघता कॉम्प्रेसर घेणं म्हणजे कोरड्या विहिरीवर पाच एचपीची मोटार बसवणं.

आवाज पातळ येतो याचं कारण बहुतेक वेळा यंत्रात नसतंच, अंतरात असतं. माइक फूटभर लांब असेल आणि तो अर्ध्या फुटावर आणला, तर गायकाचा थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. खोलीचा घुमारा आणि कूलर जिथल्या तिथे राहतात. शिवाय कार्डिऑइड माइकजवळ गेलं की खर्जाला आपोआप वजन येतं. ज्या ‘उबदारपणा’साठी लाखांच्या गोष्टी चालतात, त्यातला बराचसा या अर्ध्या फुटात आहे. मागे भिंतीला दोन जाड गोधड्या टांगल्या की आणखी थोडा सापडतो. अंड्यांचे ट्रे मात्र टांगू नका. त्याने वरवरची चिरचिर थोडी इकडेतिकडे होते, घुमारा जात नाही.

यावर समोरून पहिलं उत्तर येतं की मोठ्या स्टुडिओत सगळीकडे कॉम्प्रेसर असतो, ते काय वेडे आहेत? वेडे नाहीत, पण त्यांची गरज वेगळी होती. हे यंत्र मुळात गायकासाठी जन्मलंच नाही. रेडिओच्या ट्रान्समीटरला ठरावीक मर्यादेपलीकडे आवाज गेलेला चालत नसे, म्हणून वाटेत दाबणारं काहीतरी हवं होतं. पुढे ते रेकॉर्डिंगमध्ये आलं ते टेपमुळे. टेपला स्वतःची सळसळ असते. हळू गायलेलं त्या सळसळीत बुडायचं आणि जोरात गायलेलं फाटायचं. म्हणून टेपवर जाण्याआधीच आवाज आटोक्यात आणणं शहाणपणाचं होतं. अमेरिकेतल्या टेलेट्रॉनिक्सचा एलए-२ए आणि बिल पुटनम यांनी १९६७ मध्ये आणलेला ११७६, ही आज देवासारखी पुजली जाणारी दोन्ही यंत्रं त्या काळातली. आपल्याकडे टेप नाही. चोवीस बिटच्या डिजिटल रेकॉर्डिंगला कागदावर १४४ डेसिबलचा पल्ला मिळतो. प्रत्यक्षात साधा इंटरफेस त्याच्या बराच खाली थांबतो, तरी आपल्या खोलीच्या शांततेपेक्षा कितीतरी पुढे असतो. गायकाचा चढा सूर उणे १२ च्या आसपास ठेवा, वर भरपूर जागा राहते, खाली काही बुडत नाही. टेप फाटेल या भीतीने घेतलेली काळजी टेपच नसलेल्या खोलीत घ्यायची, याला परंपरा म्हणा हवं तर, गरज म्हणू नका.

पुढचा मुद्दा तर दुकानात कधीच निघत नाही. रॅकमधला कॉम्प्रेसर लावायचा कुठे? तो माइकच्या प्रीॲम्पनंतर, म्हणजे माइकचा बारीक आवाज वाढवणाऱ्या टप्प्यानंतर, आणि डिजिटल होण्याआधी बसवायचा असतो. घरगुती स्टुडिओत दिसणाऱ्या दोन इनपुटच्या स्वस्त इंटरफेसमध्ये त्या दोन टप्प्यांच्या मध्ये शिरायला वाटच दिलेली नसते. मग वेगळा प्रीॲम्प घ्या, नाहीतर रेकॉर्ड झालेला आवाज बाहेर काढून यंत्रातून फिरवून पुन्हा आत घ्या. पहिल्यात आणखी खर्च, दुसऱ्यात आवाजाचं दोनदा रूपांतर आणि प्रत्येक ट्रॅकला तेवढाच वेळ. एलए-२ए किंवा ११७६ ची कंपनीने नव्याने बनवलेली अस्सल प्रत घ्यायची तर किंमत लाखांत जाते. एवढं देऊन ते यंत्र केबलच्या प्रतीक्षेत टेबलावर पडून राहणार.

समजा जोडलंही. वाढदिवसाचं गाणं करून दिलं. पंधरा दिवसांनी गिऱ्हाइकाचा फोन: भाऊंच्या नावाआधी ‘मा. आमदार’ नव्हतं आलं, तेवढं टाकून द्या. सॉफ्टवेअरमधला कॉम्प्रेसर असेल तर प्रोजेक्ट उघडला की प्रत्येक आकडा होता तिथे सापडतो; नवी ओळ जुन्या ओळीत मिसळून जाते. रॅकमधल्या यंत्राची बटणं मात्र मधल्या काळात तीन कीर्तनांसाठी फिरवली गेलेली असतात. फोटो काढून ठेवला असेल तर ठीक, नाहीतर ‘मा. आमदार’ एका आवाजात आणि भाऊ दुसऱ्या आवाजात.

आता त्या देवांबद्दल. ज्या ११७६ चं नाव घेतल्याशिवाय कुणाचं पान हलत नाही, त्याचा अटॅक, म्हणजे मोठा आवाज आल्यावर तो किती लवकर पकडायचा हा वेळ, २० ते ८०० मायक्रोसेकंद आहे. सर्वांत सावकाश ठेवला तरी एका मिलिसेकंदाच्या आत तो पकडतो. वर त्याचं बटण उलटं चालतं: घड्याळाच्या दिशेने पूर्ण फिरवलं की सर्वांत वेगवान. हे माहीत नसलेला माणूस सावकाश करायला जातो आणि आणखी वेगवान करून बसतो. आपली वाद्यं कोणती? ढोलकी, हलगी, संबळ, पखवाज. यांचं सगळं सौंदर्य बोट किंवा काडी कातड्यावर पडते त्या पहिल्या काही मिलिसेकंदांत आहे. तीच कापली तर ढोलकीची थाप उशीवर मारल्यासारखी लागते. थाप पुढे यायला हवी असेल तर अटॅक २० ते ३० मिलिसेकंद लागतो, म्हणजे थाप निसटून जाऊ द्यायची आणि मागची आस आवरायची. रिलीज असा की पुढच्या थापेआधी यंत्र मोकळं व्हावं. मिनिटाला १०० मात्रांची लय असेल तर एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची, अर्धी ३०० ची. रिलीज २५० च्या आत राहिला तर लय डगमगत नाही. हा हिशेब परदेशातल्या ड्रमच्या प्रीसेटमध्ये मिळत नाही, कारण तो प्रीसेट करणाऱ्याने हलगी ऐकलेली नसते.

कीर्तनाचं आणखी वेगळं. बुवा मध्ये उभे, मागे टाळकरी, बाजूला पखवाज, आणि कितीही काळजी घेतली तरी पखवाज बुवांच्या माइकमध्ये शिरतोच. त्या माइकवर कॉम्प्रेसर लावला की पखवाजाच्या धुमेचा खर्ज यंत्राला बुवांच्या शब्दापेक्षा मोठा वाटतो आणि प्रत्येक धुमेला बुवांचा आवाज खाली बसतो. इथे एलए-२ए ची ख्यातीच आड येते. त्याच्या आत दिवा आणि प्रकाशाला प्रतिसाद देणारा रोधक असतो. दाबलेला आवाज अर्धा मोकळा व्हायला ६० मिलिसेकंद लागतात, उरलेला मोकळा व्हायला अर्ध्या सेकंदापासून पाच सेकंदांपर्यंत. एकट्या गायकाला हे गोड वाटतं. पखवाज शिरलेल्या माइकवर मात्र बुवांचा पुढचा अख्खा शब्द वाजवणाऱ्याच्या हाताखाली जातो. उपाय साधा आहे. यंत्राच्या कानाला खर्ज ऐकूच द्यायचा नाही, म्हणजे साइडचेनमध्ये १५० हर्ट्झच्या आसपास खालचं कापायचं. फुकट मिळणाऱ्या कित्येक सॉफ्टवेअर कॉम्प्रेसरमध्ये ही सोय आहे. त्या पूजनीय रॅकवर तेवढं मोकळं बटण नाही.

भीमगीतात अडचण ‘भ’ची. प्रत्येक कडव्यात बाबासाहेबांचं नाव येतं आणि प्रत्येक ‘भी’बरोबर ओठांतून हवेचा झोत माइकवर आदळतो. तो झोत १०० हर्ट्झच्या खाली प्रचंड मोठा असतो. कॉम्प्रेसर झोताला घाबरून दाबतो, आणि नेमकी त्यामागची ‘ई’, जिच्यावर गायक जीव ओततो, तीच बारीक होते. माझ्या कानावर येणाऱ्या स्थानिक गाण्यांत हा दोष इतका सर्रास आहे की आता नाव आलं की मी आधी तोच शोधतो. पॉप फिल्टर लावा, माइक ओठांच्या थोडा बाजूला धरा, आणि कॉम्प्रेसरच्या आधी ८० ते १०० हर्ट्झखालचं फिल्टरने काढून टाका. आधी, नंतर नव्हे. नंतर लावला तर कॉम्प्रेसरचा धसका घेऊन झालेला असतो.

“पण मुंबईचं गाणं लावलं की दणकतं, आमचं मिळमिळीत,” हा रोजचा आक्षेप. त्यातला काही भाग खरा आहे. त्या गाण्यातली वाद्यरचना, खोली आणि शेवटचं मास्टरिंग आपल्यापेक्षा सरस असतं. पण नुसत्या आवाजाच्या उंचीसाठी कॉम्प्रेसरवर कॉम्प्रेसर चढवण्यात काही हाती लागत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये आवाजाची जाणवणारी उंची मोजायची पद्धत ठरवून दिली, तिचं एकक एलयूएफएस. यूट्यूब आणि स्पॉटिफाय दोन्हीकडे साधारण उणे १४ एलयूएफएस ही रेघ मानतात. त्याहून दणक्याचं गाणं आलं की ते खाली ओढतात. उणे ८ पर्यंत ठेचलेलं गाणं तिथे सहा डेसिबल खाली येतं, ठेचल्याच्या खुणा मात्र तशाच राहतात. मिरवणुकीत डीजेवर वाजणाऱ्या गाण्याला ही रेघ नाही, हे कबूल. पण डीजेवाला गाणं कसंही असलं तरी बटण शेवटपर्यंतच फिरवतो, त्याच्यासाठी आपण वेगळं काही करायची गरज नाही.

यंत्र विकणाऱ्यांच्या ‘आधी आणि नंतर’ या खेळाबद्दलही इथेच बोललं पाहिजे. नंतरचा नमुना आधीच्यापेक्षा जरासा मोठा ठेवलेला असतो. दोन सारख्याच नमुन्यांत एक डेसिबल वाढवलेला नमुना कानाला अधिक चांगला वाटतो, मोठा वाटत नाही. सगळी फसवणूक या एका डेसिबलवर चालते. कित्येक प्लगइनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या कॉम्प्रेसरमध्ये, मेकअप गेन आपोआप चालू असतो, म्हणजे तिथेही तोच खेळ. तो बंद करा, दोन्ही नमुने मापावर समान करा, आणि बटण दुसऱ्याच्या हाती देऊन डोळे मिटून ऐका. ज्याला तरीही रॅकमधला ओळखता आला आणि आवडला, त्याच्याशी माझं भांडण नाही.

रॅकवाल्यांना फटकारलं म्हणून प्लगइनवाल्यांनी खूश होऊ नये. सेलमध्ये चाळीस कॉम्प्रेसरचा गठ्ठा घ्यायचा, प्रत्येकाला जुन्या यंत्राचा चेहरा, आणि गाणं आलं की प्रीसेट बदलत बसायचं, हा त्याच रोगाचा स्वस्त प्रकार आहे. चाळीसांपैकी एकाचाही अटॅक हाताला ठाऊक नसतो. रीपर या सॉफ्टवेअरबरोबर येणारा रीआकॉम्प, टीडीआरचा फुकट मिळणारा कोटेलनिकॉव्ह, क्लांगहेल्मचा दोन बटणांचा डीसी१ए: यातला कुठलाही एक सहा महिने वापरा. रीआकॉम्पचा चेहरा रटाळ आहे, एखाद्या सरकारी फॉर्मसारखा. पण थ्रेशोल्ड, रेशो, अटॅक, रिलीज आणि साइडचेनचा फिल्टर, सगळं त्यात उघड आकड्यांत आहे, आणि शिकायला आकडेच लागतात.

दुसऱ्या टोकाला शास्त्रीय संगीतवाले. कॉम्प्रेसर म्हणजे स्वराचा अपमान, तो लावूच नये, असं त्यांच्यातले काही म्हणतात. त्यांनी आयुष्यभर रेडिओवर ऐकलेल्या प्रत्येक मैफलीच्या वाटेत दाबणारं यंत्र होतं आणि त्याआधी फेडरवर एका माणसाचा हात होता. त्या हाताचं मात्र मी जरूर समर्थन करीन. ख्याल असो की गवळण, आधी प्रत्येक ओळीचा आवाज हाताने वरखाली करून सारखा करावा. फार चढलेली तान तीन डेसिबल खाली, गिळलेला शब्द चार वर. हे कंटाळवाणं काम तासभर केलं की कॉम्प्रेसरला दोन-तीन डेसिबलच दाबावे लागतात, आणि एवढ्यात कुठलाही कॉम्प्रेसर चांगलाच वाजतो. मग तो कोणत्या कंपनीचा, हा प्रश्नच शिल्लक राहत नाही.

रॅकच्या बाजूने एक मुद्दा मात्र खरा आहे, म्हणून सांगून टाकतो. गिऱ्हाईक यंत्र बघून येतं. सुई हलते, पिवळा दिवा लागतो, आणि पार्टीला वाटतं इथे काम मोठं आहे. धंद्यात याला किंमत आहे. पण त्यासाठी दोन मोठे मॉनिटर स्पीकर टेबलावर ठेवले तरी काम भागतं, आणि त्यांचा आवाज ऐकायला तरी उपयोग होतो.

तेव्हा हातात पंचवीसेक हजार आले असतील तर ते असे लावा. पन्नास मिलिमीटर जाडीचे रॉकवूलचे स्लॅब आणून लाकडी चौकटीत कापडाने झाकून गायकाच्या मागे आणि बाजूंना उभे करा. माइकला दणकट स्टँड आणि पॉप फिल्टर घ्या. कान पूर्ण झाकणारा बंद हेडफोन घ्या, म्हणजे ट्रॅकचा आवाज माइकमध्ये गळणार नाही. लाइट जाते तिथे शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर पाहा, निदान लॅपटॉप बॅटरीवर ठेवून रेकॉर्ड करा. छोट्या व्यावसायिकासाठी रीपरचा परवाना ६० डॉलरला मिळतो, तो पैसे भरून घ्या. त्या परवान्याबरोबर रीआकॉम्प येतो. कॉम्प्रेसरसाठी वेगळा एक रुपयाही लागत नाही.